आग लागली नाही म्हणून

मला मिळालेल्या मेमोत दोन आरोप होते. परवानगी न घेता इन्स्ट्रुमेंट एअर, म्हणजे व्हॉल्व्ह चालवणारी दाबाची हवा, सोडून दिली, त्यामुळे सगळ्या फर्नेस बंद पडल्या. आणि गेटबाहेरचा सार्वजनिक रस्ता अडवून कंपनीची नाचक्की केली. दोन्ही गोष्टी मी केल्या होत्या. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा करीन, आणि त्याच क्रमाने करीन. बुलेटच्या, म्हणजे एलपीजीच्या मोठ्या आडव्या टाकीच्या, ड्रेनमधून गॅस भळभळा बाहेर पडत होता, एवढी एकच गोष्ट त्या मेमोत नव्हती.

जानेवारीतली पहाट, तिसरी पाळी संपत आलेली. युटिलिटीचा शिफ्ट इनचार्ज मी. बुलेटखालच्या लाइनमध्ये साचलेलं पाणी काढायचं काम ठेकेदाराच्या हेल्परकडे. ते त्याच्याकडे का, हा प्रश्न मी लॉगबुकात आधीच लिहून ठेवला होता. त्याखाली ना कुणाची सही, ना शेरा. ड्रेनला दोन व्हॉल्व्ह असतात ते उगीच नाही. बुलेटच्या बाजूचा पहिला पूर्ण उघडायचा आणि दुसरा अगदी थोडा थोडा उघडत पाणी सोडायचं. पाणी संपून गॅस आला की दाब एकदम उतरतो आणि तिथं बर्फ धरतो. तो धरायचाच असेल तर दुसऱ्या व्हॉल्व्हवर धरू दे, म्हणजे पहिला मोकळा राहतो आणि बंद करता येतो. त्या पोराला हे कुणी सांगितलंच नव्हतं. त्यानं दुसरा आधी सताड उघडला आणि पहिला हळूहळू फिरवला. बर्फ पहिल्यातच धरला. पाणी येईना म्हणून त्यानं आणखी फिरवला, अडकलेला बर्फ सुटला आणि लाइन पूर्ण उघडली. आता पहिला फिरेना, आणि दुसऱ्यापर्यंत हात नेण्यासारखी परिस्थिती राहिली नव्हती.

फ्रान्समध्ये फेझँच्या रिफायनरीत 4 जानेवारी 1966 ला हेच झालं होतं. प्रोपेनचा गोल, म्हणजे गोलाकार टाकी, पहाटेची वेळ, व्हॉल्व्हांचा उलटा क्रम, आत धरलेला बर्फ. गॅस वाहत शेजारच्या मोटाररस्त्यावर गेला, तिथल्या एका गाडीपाशी पेटला आणि आग उलटी गोलापर्यंत आली. गोल फुटला. अठरा माणसं गेली, त्यांत अग्निशमन दलाचे कित्येक जवान होते. या धंद्यात काम करणाऱ्या प्रत्येकानं ही गोष्ट ऐकलेली असते, निदान ऐकल्यासारखी मान तरी डोलावलेली असते. आमच्या ट्रेनिंग रूममध्ये तिची चित्रंसुद्धा होती. ती ट्रेनिंग रूम ठेकेदाराच्या माणसांसाठी नव्हती, एवढंच.

मी यार्डाच्या कुंपणापाशी पोचलो तेव्हा पांढरं धुकं गुडघ्याएवढं झालं होतं आणि गेटच्या बाजूला सरकत होतं. वारा जवळजवळ नव्हताच. हिवाळ्यातल्या पहाटे तो नसतो, आणि म्हणूनच ही वेळ सगळ्यांत वाईट. गॅस वर जात नाही, पांगत नाही, उताराला लागतो. आमचा उतार यार्डाकडून गेटवरून नाल्याकडे.

पण मला खरा घाम फुटला तो धुकं पाहून नाही. आमची फायर टीम अगदी वेळेवर आली होती. हेल्मेटं घातलेली, हातात डीसीपीचे, म्हणजे कोरड्या पावडरचे, एक्स्टिंग्विशर, पिना काढलेल्या. धुक्याच्या कडेला रांगेत उभे. नोझल ड्रेनकडे रोखलेलं. मी ओरडलो, "अरे, काय करताय तिथं?" त्यांतला एक जण म्हणाला, "सर, पेटला की लगेच मारतो."

त्यांची चूक नव्हती. वर्षानुवर्षं त्यांना हेच शिकवलं होतं. दर सहा महिन्यांनी मॉकड्रिल. मैदानात लोखंडी ट्रे, त्यात डिझेल, वर थोडं पेट्रोल, काडी लावायची, सायरन वाजवायचा, दोघांनी धावत जाऊन विझवायचं, सेफ्टीवाल्यांनी फोटो काढायचे, शेवटी वडा-चहा. आगीची तालीम. न पेटलेल्या गॅसची तालीम एकदाही नाही. पेटला की लगेच मारायला ती पोरं उरली असती का, हा प्रश्न ट्रेमधलं डिझेल कधी विचारत नाही.

आणि माणसंच कशाला, आमची सगळी यंत्रणाच आगीची वाट बघत बसलेली होती. बुलेटवरच्या पाण्याच्या फवाऱ्याचे काचेचे बल्ब तापले की फुटतात, मग पाणी सुटतं. आरओव्हीच्या, म्हणजे लांबून बंद करता येणाऱ्या व्हॉल्व्हच्या, हवेच्या नळीवरचा फ्युजिबल प्लग वितळला की व्हॉल्व्ह बंद होतो. उत्तम व्यवस्था. पण थंडगार गॅस नुसता वाहत असेल तर बल्बही फुटत नाही आणि प्लगही वितळत नाही. अशा वेळी कुणाला तरी बटण दाबावं लागतं. आमचं बटण होतं अनलोडिंग बेच्या खांबावर, म्हणजे धुक्याच्या मधोमध. दुसरं बटण कंट्रोल रूममध्ये, 'प्रस्तावित', ड्रॉइंगवर तुटक रेषेत.

आरओव्ही हवेच्या दाबावर उघडा राहतो. हवा गेली की स्प्रिंग तो मिटवते. आमचा ड्रेन आरओव्हीच्या पुढच्या लाइनवर होता, म्हणजे आरओव्ही मिटला की गळती तुटणार. कॉम्प्रेसर हाउस वाऱ्याच्या वरच्या अंगाला, यार्डापासून लांब. मी तिकडे पळालो आणि रिसीव्हरचा ब्लो-डाउन उघडून सगळी इन्स्ट्रुमेंट एअर सोडून दिली. आरओव्ही मिटले, लाइनमधला उरलेला गॅस थोडा वेळ फुसफुसत राहिला आणि थांबला. फर्नेस बंद पडणारच होत्या. पडायलाच हव्या होत्या. शेडमधल्या उघड्या ज्वाळा आणि आवारात पसरलेला गॅस, यांची गाठ पडेपर्यंत उत्पादन चालू ठेवायचं होतं का?

सबस्टेशनला फोन करून गेटच्या भागाची वीज तिथूनच तोडायला सांगितली. हे लक्षात ठेवा: गॅस जिथं आहे तिथलं बटण चालू करायचं नाही, तसं बंदही करायचं नाही. ठिणगीला दोन्ही सारखंच. वीज तोडायची ती लांबून. अग्निपंपाची मात्र तोडायची नाही.

मग वॉचमनला रस्ता अडवायला पिटाळलं. गेटसमोर एका मावशींची चहाची टपरी. पहिल्या पाळीची गर्दी व्हायची वेळ, स्टोव्ह फरफरत होता. वॉचमन लांबूनच ओरडला, "मावशी, स्टोव्ह विझवा, गॅस सुटलाय!" त्यांनी का, किती वेळ, माझ्या दुधाचं काय, काही विचारलं नाही. स्टोव्ह विझवला, पातेलं तसंच टाकलं, बाकावरच्या चार माणसांना उठवलं आणि एकाच्या हातातली विडी काढून घेतली. त्या सकाळी ज्यांना कुणीच काही शिकवलं नव्हतं, त्यांनीच सगळ्यांत शहाणपणानं काम केलं. टीममधल्या दोघांनी तोवर एक्स्टिंग्विशर टाकून होजला फॉग नोझल लावलं होतं आणि गेटपुढे पाण्याचा पडदा धरला होता. तेवढंही कुणी शिकवलेलं नव्हतं. ते त्यांचं त्यांना सुचलं.

मोठे साहेब आले ते गॅस पांगल्यावर. गाडीतून उतरल्या उतरल्या पहिला प्रश्न: "फर्नेस कोणी बंद केल्या?" किती गॅस गेला, कुणाला लागलं का, तो पोरगा कुठंय, काही नाही. मी सांगायला लागलो तर म्हणाले, "पण आग तर लागली नाही ना?" ते वाक्य मी नंतर इतक्या जणांच्या तोंडून ऐकलं की वाटलं, एखादी ठिणगी पडली असती तरच माझं खरं ठरलं असतं.

चौकशी झाली. अहवालात मथळा 'ड्रेन व्हॉल्व्हची देखभाल', कारण 'ठेकेदाराच्या कामगाराची चूक', उपाय 'संबंधित कामगारास कमी केले'. पोराला काढून टाकलं आणि मला मेमो. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही. गॅस डिटेक्टर होते. त्यांच्या पॅनेलचा बझर वारंवार वाजतो म्हणून कुणीतरी त्यावर चिकटपट्टी लावली होती. त्या पट्टीचा उल्लेख मी जबाबात केला, अहवालात तो गाळला गेला.

आता जे लोक अशा ठिकाणी काम करतात, किंवा ज्यांचा कारखाना अशा बुलेटच्या शेजारी आहे, त्यांच्यासाठी काही सांगतो. देखभाल वेळेवर करा, परमिटशिवाय काम करू नका, माणसांना प्रशिक्षण द्या, हे सगळं भिंतीवर लिहिलेलं असतंच. आमच्याकडेही होतं, सुवाच्य अक्षरात.

पण पुढच्या मॉकड्रिलला ट्रे पेटवू नका. सायरन वाजवा आणि विचारा: गॅस सुटलाय, पेटलेला नाही, काय करणार? आरओव्ही कोण मिटवेल, कुठून, बटण धुक्यात असेल तर दुसरी वाट कुठली? वारा कुठला आहे हे रात्री कसं कळेल? विंडसॉकवर दिवा आहे का? आमच्याकडे विंडसॉक होता. दिवा नव्हता, आणि पहाटे तो काळोखात लोंबत होता. ज्यांच्या जागेला 1989 चे धोकादायक रसायनांचे नियम पूर्ण लागू होतात, त्यांना दर सहा महिन्यांनी तालीम करावीच लागते. नियमात ट्रे आणि डिझेल असं कुठंही लिहिलेलं नाही.

हिशोब एकदा स्वतः करून बघा. एलपीजीचा एक लिटर द्रव सुटला की त्याचा साधारण अडीचशे लिटर वायू होतो. हवेत दोन टक्क्यांच्या आसपास वायू असला तरी पेटायला पुरतो. म्हणजे एका लिटरनं बारा हजार लिटर हवा पेटण्याजोगी होऊ शकते. हवेपेक्षा जड असल्यामुळे हे सगळं जमिनीलगत, गटारात, केबलच्या चरात, वजनकाट्याच्या खड्ड्यात शिरतं. डिटेक्टर छताजवळ लावलेला दिसला तर लावणाऱ्याला हात जोडा आणि खाली आणायला लावा. दिसणारं धुकं म्हणजे हवेतल्या बाष्पाचं धुकं. गॅस त्याच्या कडेला थांबत नाही, पुढे गेलेला असू शकतो. आणि नाकावर विसंबू नका, थोड्या वेळानं वास येईनासा होतो. गॅस तिथंच असतो.

पार्किंगमध्ये पळून जाऊन गाडीला किक मारणारा एक तरी असतोच. आमच्याकडे होता, वॉचमननं किल्ली हिसकावली. पायी जायचं, वाऱ्याच्या उलट किंवा आडव्या दिशेनं. वाऱ्याबरोबर पळालात तर गॅसही तुमच्याबरोबर येतो. असेंब्ली पॉइंट एकच असेल तर दुसरा मागून घ्या. आमचा एकुलता एक पॉइंट गेटपाशी होता, नेमका उताराला. साठलेल्या द्रव गॅसवर पाणी मारू नका, तो आणखी भराभर उडतो. पाणी मारायचं ते फॉगनं, वायू पांगवायला आणि अडवायला. बर्फ धरलेल्या व्हॉल्व्हवर कधीच नाही, बर्फ वितळला तर गळती वाढते.

रस्ता अडवायचा अधिकार कुणाला, हे आधी लेखी ठरवून घ्या. माझ्या मेमोचा दुसरा आरोप त्यातूनच निघाला. रस्ता का अडवायचा? जयपूरजवळ भांक्रोटा इथं 20 डिसेंबर 2024 ला पहाटे टँकरला ट्रक धडकला, गॅस रस्त्यावर पसरला आणि मग पेटला. वाहनंच्या वाहनं जळाली. विशाखापट्टणमच्या रिफायनरीत 14 सप्टेंबर 1997 ला आधी एलपीजी गळला, मग पेटला, साठेक माणसं गेली. आपल्याकडे नागोठण्यात 5 नोव्हेंबर 1990 ला वायू सुटून स्फोट झाला, तीसहून जास्त बळी गेले. कुठंही बघा, गळती आणि ठिणगी यांच्या मध्ये थोडी मिनिटं असतात. करायचं ते सगळं त्या मिनिटांत करायचं असतं, आणि त्यासाठीचे अधिकार रात्रपाळीच्या माणसाकडे हवेत. साहेब बंगल्यावरून निघून येईपर्यंत ती मिनिटं संपलेली असतात.

शेजाऱ्यांना सांगून ठेवा. कंपनीला ते आवडत नाही, लोक घाबरतील म्हणतात. नाल्याकाठच्या वस्तीत चुली पेटतात, त्यांना सायरनचा अर्थ माहीत नसेल तर सायरन कुणासाठी वाजवता? 1989 च्या त्याच नियमांत बाहेरच्या लोकांना माहिती देण्याची जबाबदारी कारखान्यावर टाकलेली आहे. आमच्याकडे मावशींना ती माहिती वॉचमनच्या एका हाकेत मिळाली.

जे लिहाल त्याची प्रत ठेवा. लॉगबुक बदलतं, पानं गहाळ होतात, साहेबांची बदली होते. फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर ठेवला तरी चालेल. माझ्याकडे माझा प्रश्न लिहिलेल्या त्या पानाचा फोटो होता म्हणून नोकरी राहिली, मेमोवर भागलं. त्या पोराकडे काहीच नव्हतं. त्याला व्हॉल्व्हचा क्रम कोणी शिकवला, या प्रश्नाला चौकशीत उत्तर मिळालं नाही, कारण तो कुणी विचारलाच नाही. ठेकेदाराचा माणूस ड्रेनला हात लावणार असेल तर आधी त्याच्याकडून क्रम तोंडपाठ म्हणून घ्या, हातानं करून दाखवायला लावा, आणि शेजारी आपला एक माणूस उभा करा. जमत नसेल तर त्या दिवशी पाणी काढू नका.

आणि कंट्रोल रूममध्ये लावलेली आपत्कालीन फोनची यादी. प्रत्येक नंबर एकदा स्वतः फिरवून बघा. त्या पहाटे आम्ही यादीत पहिल्या क्रमांकावर असलेल्या शेजारच्या कारखान्याला मदतीसाठी फोन लावला, तो उचलणाऱ्यानं सांगितलं की कारखाना केव्हाच बंद पडलाय, आता इथं टाइल्सचं गोदाम आहे, आणि टाइल्स हव्या असतील तर दहानंतर या.