वायर झाकावी, ऐब झाकू नये
घरगुती फर्निचरमध्ये छुपी चार्जिंगची जागा कशी करावी?

पुणे-सोलापूर हमरस्त्यावरील चिंचोळी एमआयडीसीत एका ओळखीच्या कारखानदाराच्या शेडमध्ये गेल्या महिन्यात जाणे झाले. सोफ्याच्या कापडाचे नमुने दाखवायचे होते. तेथे कॉटच्या उशाशी ठेवायचे एक छोटे कपाट नुकतेच तयार होऊन उभे होते. वरून पाहता एकही वायर दिसत नव्हती. वरच्या फळीला एक खाच, खाचेत मोबाईल उभा, आणि बोर्ड, चार्जर, वायरींचे भेंडोळे सारे मागच्या चोरकप्प्यात. काम सुबक होते. पुण्याच्या गिऱ्हाइकाने असे आणखी नग मागितले आहेत, असे कारखानदाराने आनंदाने सांगितले.

व्यापाऱ्याच्या सवयीप्रमाणे मी आधी भाव विचारला. नंतर विचारले, "आतली गरम हवा बाहेर कुठून जाते?" त्याने कप्पा उघडून पाहिला. हवेला वाट नव्हती. मागची फळी चारी बाजूंनी स्क्रूने पक्की केली होती आणि बोर्डाखाली शोभेसाठी रेक्झिन चिकटवले होते.

हा प्रश्न मला सुचला तो हुशारीने नव्हे, घरातल्या तजुर्ब्याने. काही वर्षांपूर्वी आमच्या दिवाणाच्या बाजूला मी एक सॉकेट बसवून घेतले होते. वरून चादर लोंबत असल्याने ते दिसत नसे, आणि त्याचेच आम्हाला कौतुक होते. रमजानमध्ये एका पहाटे सहरीला उठलो तेव्हा जळका वास आला. चादर उचलली तर प्लगची एक पिन काळी पडलेली आणि चादरीच्या काठावर रुपयाएवढा तपकिरी डाग. मेन स्विच बंद केला. नुकसान एका चादरीवर भागले. त्या दिवशी आम्ही पहाटे उठलो नसतो तर काय झाले असते, हा विचार अजून मनातून जात नाही.

मागणी खरी आहे

आज चार माणसांच्या घरात चार-पाच मोबाईल, एखादा लॅपटॉप, घड्याळ, कानात घालायचे यंत्र असे सर्व काही चार्जिंगला लागते. दिवाणखान्यात वायरींचे जाळे कोणालाही नको असते. म्हणून कॉट, टीपॉय, टीव्ही युनिट, अभ्यासाचे टेबल यांत चार्जिंगची छुपी जागा मागणारे गिऱ्हाईक वाढत आहे.

मोठ्या कंपन्यांनी हे पूर्वीच ओळखले. स्वीडनच्या आयकिया कंपनीने २०१५ साली बिनतारी चार्जिंगची सोय असलेले दिवे आणि टेबले बाजारात आणली. याच कंपनीचे भारतातले पहिले दुकान ऑगस्ट २०१८ मध्ये हैदराबादला उघडले आणि डिसेंबर २०२० मध्ये नवी मुंबईत दुसरे. म्हणजे आपल्या दारावरून जाणाऱ्या रस्त्याच्या एका टोकाला हा माल येऊन पोहोचला आहे. एकाच मापाचा माल हजारोंनी काढण्यात आपला लहान कारागीर त्यांच्याशी टिकणार नाही. पण गिऱ्हाइकाच्या खोलीचे माप घेऊन, त्याच्या गरजेप्रमाणे बनवलेला आणि दहा वर्षांनीही दुरुस्त करता येईल असा नग तोच देऊ शकतो. आपला हुन्नर तेथे आहे.

पहिला नियम : मोबाईल बाहेर, चार्जर आत

चार्जर २३० व्होल्टची वीज कमी दाबाची करतो. या कामात थोडी वीज उष्णता होऊन वाया जाते. चार्जिंग होताना मोबाईलची बॅटरीही तापते. दोन्ही एकाच बंद खणात ठेवले तर उष्णता साठत जाते. ॲपल कंपनी आपले फोन ० ते ३५ अंश सेल्सिअस तापमानात वापरण्यास सांगते. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० च्या वर जातो. मग बंद ड्रॉवरमध्ये काय होत असेल याचा अंदाज करावा. म्हणून मोबाईल नेहमी उघड्या फळीवर किंवा खाचेत असावा. झाकायचे ते फक्त बोर्ड, चार्जर आणि वायर. कपडे, चादरी किंवा कागद ठेवण्याच्या खणात चार्जिंगची सोय कधीही करू नये.

दुसरा नियम : आधी वॉटची बेरीज

गिऱ्हाइकाला काय काय लावायचे ते विचारून कागदावर मांडावे. उदाहरणार्थ, २५ वॉटचे दोन मोबाईल चार्जर, ६५ वॉटचा एक लॅपटॉप चार्जर आणि ५ वॉटचे घड्याळ. एकूण १२० वॉट. २३० व्होल्टवर हा भार अर्ध्या अँपिअरच्या आसपास येतो. ६ अँपिअरच्या सॉकेटला हे काहीच नाही.

धोका वेगळाच आहे. रिकामे सॉकेट दिसले की घरातले कोणीतरी त्यात इस्त्री लावते. १००० वॉटची इस्त्री चार अँपिअरहून जास्त वीज ओढते, आणि १५०० वॉटचा हीटर साडेसहा अँपिअर, म्हणजे सॉकेटच्या मर्यादेबाहेर. छुप्या बोर्डाला पुन्हा दुसरा एक्स्टेंशन बोर्ड जोडला तर संकटाला निमंत्रणच. म्हणून कप्प्यात मोजकीच सॉकेट द्यावीत, आणि आतल्या बाजूस ठळक अक्षरांत लिहावे : "फक्त चार्जिंगसाठी. इस्त्री, हीटर लावू नये."

बनवण्याची रीत

उशाशी ठेवायच्या कपाटाचे उदाहरण घेऊ.

१. कपाट १८ मिमी प्लायचे करावे. पाठीमागच्या प्लायपासून सुमारे तीन इंच पुढे आत एक उभी फळी घ्यावी. या दोहोंमधली पोकळी हाच चोरकप्पा.

२. ही आतली फळी स्क्रूने बंद करू नये. मॅग्नेटवर किंवा खाचेत सरकती ठेवावी. पेचकस न घेता, घरातल्या बाईमाणसालाही एका हाताने उघडता आली पाहिजे. वास आला, ठिणगी दिसली, तर स्क्रू शोधायला वेळ नसतो.

३. कप्प्याला खाली आणि वर, दोन्हीकडे हवेची वाट ठेवावी. गरम हवा वर जाते आणि तिच्या जागी खालून थंड हवा येते. नुसते वर किंवा नुसते खाली भोक ठेवून हे साधत नाही. खाली दोन आणि वर दोन, प्रत्येकी सुमारे चार इंच लांब व एक इंच रुंद चिरा पुरतात. मुंग्या-झुरळांसाठी वर बारीक जाळी लावावी. कपाट भिंतीला घट्ट टेकणार असेल तर वरच्या चिरा पाठीत न ठेवता बाजूला काढाव्यात, नाहीतर भिंतच त्यांना झाकण होते.

४. ज्या जागी बोर्ड बसणार तेथे प्लायवर ६ मिमीचा फायबर सिमेंट बोर्ड लावावा. तो पेट घेत नाही. त्या कप्प्यात रेक्झिन, फोम, मखमल, कापड यांतले काहीही नको. कापडाचा व्यापारी असूनही मी हे सांगतो आहे.

५. सॉकेट आयएसआय चिन्हाचे आणि आतून पडदा असलेले घ्यावे, म्हणजे लहान मुलाने खिळा किंवा काडी घातली तरी आत जात नाही. चार्जर घेताना बीआयएसचे नोंदणी चिन्ह आणि 'आर'ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक पाहावा. चार पैसे वाचवण्यासाठी बिनानावाचा चार्जर फर्निचरसोबत देऊ नये.

६. हलवता येणाऱ्या फर्निचरला तांब्याची, तीन कोरची, १.५ चौरस मिमीची लवचिक केबल आणि साच्यातला तीन पिनी प्लग असावा. तिसरी पिन अर्थिंगची असते, ती शोभेची नव्हे. केबल अखंड असावी. मध्ये पीळ मारून चिकटपट्टी लावलेला जोड कप्प्यात दडवणे हा सरळ गुन्हा समजावा.

७. केबल जाण्याचे भोक होल सॉने पाडून त्याची कड घासावी आणि प्लास्टिकचे ६० मिमीचे झाकण बसवावे. प्लायच्या धारदार कडेवर केबल रोज घासली की तिचे आवरण चिरते. कपाटाच्या पायाखाली, ड्रॉवरच्या चॅनलमध्ये किंवा सतरंजीखाली केबल दबता कामा नये.

८. वरच्या फळीतली मोबाईलची खाच १५ मिमी रुंद ठेवावी आणि थोडी मागे कललेली असावी. कव्हरसह बहुतेक मोबाईल तीत बसतात. खाचेच्या तळाशी वायर वर येण्यासाठी भोक पाडावे.

भिंतीत पक्के बसवायचे फर्निचर असेल तर जोडणी परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावी. सुताराने सुतारकाम करावे. घराच्या मेन बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आहे का, हेही गिऱ्हाइकाला विचारावे. वीज अंगातून जाऊ लागली तर तो क्षणात पुरवठा तोडतो.

बिनतारी चार्जिंग

'ची' नावाच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीने वायर न जोडताही मोबाईल चार्ज होतो. साधा बिनतारी चार्जर काही मिलिमीटर अंतरावरच काम करतो. म्हणून त्याच्यासाठी फळी खालून राउटरने कोरून पातळ करावी लागते. फळीखाली बसवण्याचे खास चार्जरही मिळतात. आयकियाचा असा एक चार्जर ८ ते २२ मिमी जाडीच्या लाकडातून किंवा प्लास्टिकमधून चालतो. १८ मिमी प्लाय त्यात बसते.

मात्र तीन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. धातूच्या पत्र्यातून तो चालत नाही, त्यामुळे त्या जागी पितळी नक्षी किंवा धातूचा पत्रा नको. वायरीच्या मानाने यात वीज जास्त वाया जाते आणि उष्णता जास्त होते. आणि त्या जागेवर नाणी, किल्ल्या ठेवू नयेत असे गिऱ्हाइकाला सांगावे लागते.

बदलता येईल असेच बसवा

चांगले कपाट वीस-पंचवीस वर्षे टिकते. चार्जरचे आयुष्य त्यापुढे काहीच नाही. जाड गोल पिनेचे चार्जर आठवत असतील. नंतर मायक्रो यूएसबी आली आणि आता टाइप-सी. युरोपीय संघात २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या मोबाईलना टाइप-सी सक्तीची झाली आहे. ज्यांनी पूर्वी फर्निचरमध्ये जुन्या रुंद यूएसबीची सॉकेटे कायमची चिकटवली, त्यांच्या गिऱ्हाइकांना आज वरून पुन्हा वायरीच लोंबकळवाव्या लागत आहेत. म्हणून कप्प्यात साधे तीन पिनी सॉकेट द्यावे आणि चार्जर सुटा ठेवावा. तो बदलला की कपाट पुन्हा नवे.

तपासल्याशिवाय नग देऊ नये

नग तयार झाला की कप्पा बंद करून सर्व चार्जर पूर्ण भारावर तीन तास चालवावेत. मोबाईल आणि लॅपटॉप त्या वेळी उतरलेले असावेत, नाहीतर भार येतच नाही. आत साधा थर्मामीटर ठेवावा. तपासणी भर दुपारी करावी, कारण पंख्याखाली थंड सकाळी सगळेच नग पास होतात. चार्जरला बोट टेकवून ठेवता येत नसेल, वास येत असेल किंवा प्लग सैल बसत असेल, तर हवेची वाट वाढवून पुन्हा तपासावे. प्लग सैल असणे हे पिन काळी पडण्याचे मोठे कारण आहे. माझ्या दिवाणात तेच झाले होते.

हिशेबात या तपासणीची मजुरी, सिमेंट बोर्ड आणि चांगली केबल धरावी. गिऱ्हाइकाला कप्पा उघडून दाखवावा आणि तपासणी केल्याचे सांगावे. दोन पैसे जास्त का, हे त्याला आपोआप कळते.

गिऱ्हाइकाला लिहून द्या

सोलापूरने आगीचे दुःख नुकतेच पाहिले आहे. १८ मे २०२५ रोजी पहाटे अक्कलकोट रोड एमआयडीसीतील एका टॉवेल कारखान्याला आग लागून मालकासह आठ जणांचा जीव गेला. त्यात एक तान्हे मूलही होते. सूत आणि कापड यांच्यावर ज्या गावाची रोजीरोटी चालते, त्या गावातल्या प्रत्येक घरात चादर, पडदा, गादी ही असणारच. त्यांच्याजवळ वीज दडवताना हात थरथरला पाहिजे.

कायदाही आता स्पष्ट आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा जुलै २०२० पासून लागू झाला. वस्तूची बांधणी किंवा रचना सदोष असेल, अथवा वापराच्या पुरेशा सूचना आणि इशारे दिले नसतील, आणि त्यामुळे नुकसान झाले, तर बनवणाऱ्यावर भरपाईची जबाबदारी येऊ शकते. म्हणून प्रत्येक नगासोबत एक कागद द्यावा. त्यात किती वॉटपर्यंत भार चालेल, कप्पा कसा उघडायचा, काय लावू नये, वर्षातून एकदा काय तपासायचे, हे साध्या मराठीत, हिंदीत किंवा उर्दूत असावे. त्याची एक प्रत आपल्याकडेही ठेवावी.

मालातला ऐब गिऱ्हाइकापासून लपवू नये, हे आपल्याला वडीलधाऱ्यांनी दुकानात बसवण्याआधी शिकवलेले असते. ठाणाच्या आतल्या घडीत डाग असेल तर तो उलगडून दाखवायचा, मग भाव ठरवायचा. फर्निचरचा चोरकप्पा हीसुद्धा आतली घडीच आहे. गिऱ्हाईक तेथे पाहत नाही, म्हणूनच तेथले काम जास्त चोख हवे.

चिंचोळीच्या त्या कारखानदाराने माझ्या देखत मागची फळी काढली, रेक्झिन खरवडले आणि चिरांसाठी खुणा केल्या. पुण्याला जाणारे नग आठ दिवस उशिरा निघाले. गिऱ्हाइकाला कारण कळवले तेव्हा त्याने तक्रार केली नाही. उलट तो कागद सर्व नगांसोबत पाठवा, असा निरोप दिला.