यझ्द : अग्नी जपणारं शहर

सहावीच्या वर्गात आशियाचा नकाशा बघताना एकाने विचारलं, "सर, इराणी हॉटेलवाले खरंच इराणचे असतात का?" खरंच असतात. मुंबई-पुण्यात आलेली कितीतरी इराणी कुटुंबं मूळची यझ्द शहराच्या परिसरातली. चला तर, आज यझ्दची ओळख करून घेऊ.

यझ्द मध्य इराणमध्ये, वाळवंटाच्या कुशीत आहे. पाऊस जेमतेम. मग पाणी कुठून येतं? डोंगराच्या पायथ्यापासून मंद उताराचे भुयारी कालवे खोदलेत. त्यांना 'कनात' म्हणतात. मातीच्या घरांवर उंच 'बादगीर' म्हणजे वाराघरं आहेत. ती वरचा वारा पकडून खाली खोलीत सोडतात. दौलताबाद बागेतलं बादगीर तर सुमारे 33 मीटर उंच आहे! 2017 मध्ये हे जुनं शहर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलं.

इथल्या जामे मशिदीच्या निळ्या फरशा आणि उंच मिनार बघत राहावेत असे. मोहरममध्ये 'नख्ल' नावाचा भलामोठा लाकडी सांगाडा सजवून, अनेक जण मिळून उचलतात. याच शहरात जरथुष्ट्री समाजाचं आतश बेहराम म्हणजे अग्निमंदिर आहे. इमारत 1934 ची, पण आतला अग्नी परंपरेनुसार इ. स. 470 च्या सुमारापासून अखंड तेवतो आहे.

मुलं पटकन म्हणतात, "म्हणजे ते आगीची पूजा करतात." इथे थांबून सांगायला हवं, की उपासना अहुर मझ्दाची; अग्नी हे प्रकाशाचं आणि पावित्र्याचं प्रतीक. देवासमोर समई लावणाऱ्या घरातल्या मुलांना हे लगेच कळतं.

हा अग्नी सहज टिकला नाही. जरथुष्ट्रींना 'जिझिया' कर आणि अनेक अपमानकारक बंधनं सोसावी लागली. 1854 मध्ये मुंबईच्या पारशांनी माणेकजी लिमजी हातारिया यांना इराणला पाठवलं. त्यांनी शाळा काढल्या, दरबारी खेटे घातले. अखेर 1882 मध्ये जिझिया रद्द झाला. 28 वर्षांची चिकाटी!

हा भाग मुलांना जरूर सांगा. नाहीतर वारसा म्हणजे नुसत्या जुन्या इमारती, असं त्यांना वाटेल. अग्नीत रोज कुणीतरी लाकूड घालतं, कनातीतला गाळ कुणीतरी काढतं, म्हणून वारसा टिकतो.

घरचा अभ्यास : आपल्या गावात रोज कुणीतरी जपतं म्हणून टिकलेली एक गोष्ट शोधा. ती जपणाऱ्या माणसाशी बोला आणि पाच ओळी लिहा.