गोड न मानवणारी माणसे : फलशर्करेचा दोष, पथ्य आणि औषध

(ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग)



या पानावर आम्ही एरवी बेणे, खते, पाणी आणि तोडणी यांविषयी लिहितो. या वेळचा विषय शेतातला नाही, घरातला आहे. पण त्याचे मूळ उसाच्या कांडीतच आहे. गटातून फिरताना "आमच्या पोराला गोड चालत नाही, गूळ दिला की ओकतं" अशी वाक्ये अधूनमधून कानावर येतात. कोणी त्याला नखरे म्हणतात, कोणी नजर लागली म्हणतात, कोणी जंत म्हणून मोकळे होतात. पुष्कळदा कारण किरकोळच निघते. परंतु थोड्या मुलांच्या बाबतीत ती एका जन्मजात दोषाची खूण असते, आणि तो वेळीच ओळखला नाही तर मूल हाती लागत नाही. आम्ही डॉक्टर नाही. मात्र साखर म्हणजे काय आणि ती फुटते कशी, हा आमच्या रोजच्या कामाचा भाग आहे. म्हणून तेथूनच सुरुवात करतो.

साखर फुटते म्हणजे काय होते?

उसातल्या साखरेला इक्षुशर्करा म्हणतात. ती दोन साखरांची जोडी आहे. एक द्राक्षशर्करा, म्हणजे ग्लुकोज. दुसरी फलशर्करा, म्हणजे फ्रुक्टोज. तोडलेला ऊस फडात किंवा गाडीत दोन-तीन दिवस उन्हात राहिला की ही जोडी फुटू लागते. शिळ्या उसाचा उतारा घटतो तो मुख्यतः यामुळेच. आपल्या प्रयोगशाळेत फेलिंगच्या द्रावणाने रसाची तपासणी करतात, ती या फुटलेल्या साखरेचे प्रमाण काढण्यासाठीच.

कारखान्यात जी गोष्ट आपल्याला नको असते, तीच पोटात व्हावी लागते. लहान आतड्यात साखरेची जोडी फुटल्याशिवाय ती रक्तात जात नाही. १०० ग्रॅम साखर फुटली की थोडे पाणी तिच्यात मिसळून सुमारे ५२.५ ग्रॅम ग्लुकोज आणि तितकीच फलशर्करा होते. म्हणजे चहात साखर घातली काय, ऊस चघळला काय किंवा गुळाचा खडा खाल्ला काय, निम्मी फलशर्करा पोटात गेलीच. फळे आणि मध यांत ती मोकळीच असते.

ग्लुकोज शरीराचा प्रत्येक भाग वापरतो. फलशर्करेचे मुख्य काम मात्र यकृतात, म्हणजे लिव्हरमध्ये होते. या वाटेत दोन ठिकाणी अडचण येऊ शकते. काहींच्या आतड्यात ती नीट शोषली जात नाही. काहींच्या बाबतीत ती शोषली जाते, पण यकृतात जाऊन अडकते. दोन्हींना लोक "गोड मानवत नाही" असेच म्हणतात. पहिला त्रासदायक आहे, दुसरा जीवघेणा आहे. दोहोंचे पथ्यही वेगळे आहे. हा फरक नीट ध्यानात यावा, एवढ्यासाठीच हा लेख.

यकृतातला जन्मजात दोष

१९५६ साली इंग्लंडमधील चेंबर्स आणि प्रॅट या डॉक्टरांनी २४ वर्षांच्या एका स्त्रीची हकीकत प्रसिद्ध केली. फळे किंवा साखर खाल्ली की तिला घेरी येई. पुढच्याच वर्षी स्वित्झर्लंडमध्ये फ्रोश यांनी हा दोष घराण्यातून येतो हे दाखवले. १९६१ साली कारण सापडले. यकृतातील 'अल्डोलेज बी' नावाचे पाचक द्रव्य या लोकांत कामच करीत नाही.

त्याचा परिणाम असा होतो. यकृतात फलशर्करा आली की तिच्यावर पहिली प्रक्रिया होते, पण दुसरी होत नाही. गव्हाणीत ऊस पडतो आहे आणि मिल बंद आहे, तसा प्रकार. अर्धवट माल साचतो. त्यात शरीराचे फॉस्फेट अडकून बसते, यकृताची शक्ती संपते आणि साठवलेले ग्लुकोज रक्तात सोडण्याचे कामही थांबते. म्हणून गोड खाल्ल्यावर या माणसाच्या रक्तातले ग्लुकोज उलट खाली जाते. घाम सुटतो, अंग थरथरते, मूल पांढरे पडते, मलूल होते, कधी झटकेही येतात. असेच चालू राहिले तर यकृत सुजते, कावीळ होते, मूत्रपिंड बिघडते, वाढ खुंटते.

युरोपात सुमारे २०,००० जन्मांमागे एक मूल असे असते असा अंदाज आहे. आई-वडील दोघांकडून सदोष बीज आले तरच दोष उतरतो. आई-वडील स्वतः ठणठणीत असतात. अशा जोडप्याच्या प्रत्येक मुलाला दोष येण्याची शक्यता चारात एक असते. मामाच्या मुलीशी किंवा आत्याच्या मुलाशी लग्न झाले असेल, तर दोघांकडे तेच बीज असण्याचा संभव वाढतो. आपल्याकडे ही नाती चालत आली आहेत, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

ओळखायचे कसे?

आईच्या दुधातल्या साखरेत फलशर्करा नसते. त्यामुळे केवळ अंगावर पिणारे मूल छान बाळसे धरते. त्रास सुरू होतो तो वरचे चालू केल्यावर. आपल्याकडे हे 'वरचे' फार लवकर येते. जन्मल्याबरोबर मध चाटवतात, गुटी मधातून उगाळतात, गुळाचे बोट लावतात. (एक वर्षाच्या आतल्या कोणत्याही मुलाला मध देऊच नये, त्याचे कारण वेगळे आहे.) पुढील खुणा लक्षात ठेवाव्यात :

१) गोड, फळ किंवा मध दिल्यानंतर थोड्याच वेळात उलटी, घाम, मलूलपणा.
२) वरचे अन्न सुरू होताच वजन थांबणे, पोट मोठे दिसणे, डोळे पिवळे होणे.
३) थोडे मोठे झाल्यावर मूल आपणहून गोड नाकारते. वाढदिवसाला, लग्नात, सणाला सुद्धा तोंड फिरवते.
४) मोठेपणी गोड न खाल्ल्यामुळे यांपैकी पुष्कळांच्या दातांना कीड नसते.

तिसऱ्या खुणेविषयी आमचे कळकळीचे सांगणे आहे. जे मूल गोड पाहून तोंड मिटते, त्याला "देवाचा प्रसाद आहे, खा" म्हणून भरवू नका. त्याचे शरीर त्याला जे सांगते ते आपल्याला दिसत नाही, एवढेच. गोडाशी त्रासाचा संबंध दिसला तर दोन गोष्टी करा : गोड ताबडतोब बंद करा आणि बालरोगतज्ज्ञांना दाखवा. काय खाल्ले, किती वेळाने काय झाले, हे वहीत लिहून न्या. रक्तावरून बीजाची तपासणी करून आता निदान करता येते. खात्री करून घेण्यासाठी घरी मुद्दाम गोड देऊन पाहण्याचा खेळ मात्र कदापि करू नये.

पथ्य : काय चालते, काय नाही

या दोषावर गोळी नाही. पथ्य हेच औषध. ते जन्मभराचे आहे, पण ते पाळले तर यकृत सुधारते आणि माणूस सर्वांसारखा जगतो.

चालते : तांदूळ, ज्वारी-बाजरीची भाकरी, साधी चपाती, दूध, घरचे दही-ताक, तूप, अंडी, मटण, मासे, पालकासारख्या पालेभाज्या. डाळी-कडधान्ये आणि सोलून उकडलेला बटाटा आहारतज्ज्ञांना विचारून बेताने.

वर्ज्य : साखर, खडीसाखर, गूळ, काकवी, उसाचा रस, मध, सर्व फळे व त्यांचे रस, शहाळ्याचे पाणी, मनुका, खजूर, रताळे, गाजर, बीट, टोमॅटो, मटार, कोवळे मक्याचे कणीस, हुरडा. गूळ 'नैसर्गिक' आहे म्हणून चालतो असे नाही. साखर आणि गूळ या बाबतीत सख्खी भावंडे.

खरी गफलत होते ती लपलेल्या गोडाने. आपल्या आमटीत गुळाचा खडा असतो, कोशिंबिरीत चिमूटभर साखर असते, पोह्यांवर साखर भुरभुरतात. चिंचेत स्वतःची साखर असते. पंचामृतात साखर आणि मध दोन्ही. पावात, टोस्टमध्ये, सॉसमध्ये साखर असते. 'ग्लुकोज बिस्किट' या नावाला तर मुळीच भुलू नये, त्यात साखर असतेच. पाकिटावर सॉर्बिटॉल (४२०) किंवा माल्टिटॉल (९६५) लिहिलेले असेल तेही नको, कारण सॉर्बिटॉल शरीरात गेल्यावर फलशर्करा होते आणि माल्टिटॉलमधून सॉर्बिटॉल निघते. 'मधुमेहींसाठी खास' म्हणून मिळणाऱ्या मिठाईत हेच पदार्थ असण्याचा संभव असतो.

चहा गोड लागायचाच असेल तर शुद्ध ग्लुकोज पावडर चालते. मात्र पाकिटावरचा मजकूर वाचून, साखर वा फळाचा स्वाद न मिसळलेलीच घ्यावी.

औषधे घेताना

पथ्य सांभाळणारे घर औषधाच्या बाटलीपाशी फसते. लहान मुलांची ताप-खोकल्याची पातळ औषधे बहुधा साखरेच्या किंवा सॉर्बिटॉलच्या पाकात असतात. डॉक्टरांना आणि दुकानदाराला आधी सांगून शक्यतो साधी गोळी मागावी. चघळायच्या गोळ्या, च्यवनप्राश व इतर अवलेह, गूळ घालून केलेली आसवे-अरिष्टे, साखरेच्या होमिओपॅथिक गोळ्या, मधातून घ्यायची चूर्णे, ही सर्व टाळावीत. टूथपेस्टमध्येही सॉर्बिटॉल असते, मुलाने ती गिळू नये.

फळे बंद म्हणजे 'क' जीवनसत्त्व कमी पडणार. ते आणि गरज असल्यास फोलिक ॲसिड बिनसाखरेच्या गोळीतून, डॉक्टर सांगतील तसे, कायम घ्यावे.

जुलाब झाले तर साखर-मिठाचे पाणी पाजा, असे आपण सगळ्यांना सांगत आलो आहोत. ते इतरांसाठी योग्यच आहे. या मुलांना मात्र ते पाणी विषासारखे आहे. त्यांना आरोग्य केंद्रात मिळणारी, ग्लुकोज असलेली जलसंजीवनीची पुडी किंवा मीठ घातलेली भाताची पेज द्यावी.

तान्ह्या बाळांना तोंडावाटे देतात त्या रोटा लसीत साखर असू शकते. घरातल्या थोरल्या भावंडाला हा दोष निघाला असेल, तर धाकट्याला लस देण्याआधी डॉक्टरांना तसे सांगावे. इतरांनी मात्र ही लस चुकवू नये.

इस्पितळात शिरेतून द्यायच्या बाटलीत फ्रुक्टोज किंवा सॉर्बिटॉल असेल तर ते या रुग्णाच्या जिवावर बेतते. जर्मनीत पूर्वी असे मृत्यू झाल्याची नोंद आहे. म्हणून मुलाच्या दप्तरात आणि मोठ्यांच्या खिशात एक चिठ्ठी कायम असावी : "मला फ्रुक्टोजचा जन्मजात दोष आहे. साखर, फ्रुक्टोज, सॉर्बिटॉल देऊ नये. ग्लुकोज चालते."

आतड्यातला दोष : हा वेगळा

हा प्रकार पुष्कळ जास्त आढळतो. येथे यकृत ठीक असते. फलशर्करा शोषून घेण्याची आतड्याची ताकद कमी पडते, उरलेली मोठ्या आतड्यात जाते आणि तेथील जंतू ती आंबवतात. मळी आंबवली की वायू सुटतो, तसेच. पोट फुगते, गुरगुरते, कळा येतात, पातळ होते. जीव घाबरा होतो, पण धोका नसतो.

गंमत अशी की ग्लुकोज सोबत असले तर फलशर्करा बरी शोषली जाते. म्हणून या लोकांना साखर थोडी चालून जाते, पण मध, आंबा, सफरचंद, कलिंगड यांनी त्रास होतो, कारण त्यांत ग्लुकोजपेक्षा फलशर्करा अधिक असते. यांनी डॉक्टरांच्या देखरेखीखाली दोन ते सहा आठवडे असे पदार्थ बंद ठेवावेत. मग एकेक पदार्थ थोडा थोडा खाऊन आपली मर्यादा ठरवावी. सगळी फळे जन्मभर सोडण्याचे कारण नाही.

या प्रकारासाठी 'झायलोज आयसोमरेज' या द्रव्याची कॅप्सूल काही देशांत मिळते. ती पोटातल्या फलशर्करेचे ग्लुकोज करते. मक्यापासून गोड पाक करणारे कारखाने हेच द्रव्य उलट दिशेने, ग्लुकोजची फलशर्करा करायला वापरतात. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या चाचणीत या कॅप्सूलने पोटदुखी व मळमळ कमी झाली. पण यकृताच्या दोषात या कॅप्सूलच्या भरवशावर गोड खाणे म्हणजे आत्मघात.

आणखी एक. आतड्याच्या दोषाची तपासणी फलशर्करा पाजून, श्वासातला वायू मोजून करतात. लहानपणापासून गोडाने उलट्या, घेरी होत असतील तर हे डॉक्टरांना आधी सांगावे. यकृताचा दोष असताना ही तपासणी घातक ठरते.

शेवटी

साखर कारखान्याच्या अंकात साखरेचे पथ्य कशाला, असे कोणी म्हणेल. आपला संसार उसावर चालतो हे खरेच. पण सवलतीच्या साखरेची पिशवी ज्या घरात जाते, त्या घरातल्या एखाद्या पोराला ती बाधत असेल, तर ते सांगणेही आपलेच काम आहे. ऊस तोडायला आलेल्या मंडळींची तान्ही मुले फडाच्या बांधावर असतात आणि रडू लागली की त्यांच्या हातात उसाचे कांडे येते. शेजारच्या कोपीत असे मूल दिसले तर आपल्या गटाच्या कर्मचाऱ्यामार्फत त्याला आरोग्य केंद्रात पोचवावे.

हा अंक वाचून झाल्यावर घरातल्या बायकांना वाचून दाखवावा. बाळाच्या तोंडाला पहिले बोट कशाचे लागते, ते त्यांनाच ठाऊक असते.