टेरिकॉटचा सदरा आणि पाण्याची बाटली

आपल्या अंगावरचा टेरिकॉटचा सदरा आणि दुकानातली पाण्याची पारदर्शक बाटली या दोन्हींत एकच पदार्थ आहे, असे सांगितले तर पुष्कळांना नवल वाटेल. त्या पदार्थाचे नाव पॉलिएस्टर. त्याचा गुणधर्म ओळखला तर घरातले व शेतातले काही अपघात आपल्याला टाळता येतील.

इंग्लंडमध्ये १९४१ साली व्हिनफील्ड आणि डिक्सन या रसायनशास्त्रज्ञांनी हा धागा शोधला. तो ‘टेरिलिन’ नावाने विकला जाऊ लागला. त्यात कापूस मिसळला की टेरिकॉट. खनिज तेलापासून मिळणाऱ्या रसायनांपासून हा पदार्थ बनतो. शेवया साच्यातून पडतात, तसा त्याचा वितळलेला रस बारीक छिद्रांतून काढून ताणला की धागा होतो. त्याच रसाची जाड नळी करून, ती तापवून, ताणून हवेने फुगवली की बाटली होते. अशा बाटलीचे पेटंट १९७३ साली अमेरिकेत नॅथॅनियल वायेथ यांना मिळाले.

हा पदार्थ पाणी फारसे शोषत नाही; म्हणून कपडा लवकर वाळतो, पण घामही टिपत नाही. उन्हात राबताना सुती कपडाच बरा. सुमारे ७० ते ८० अंश उष्णतेला तो मऊ पडतो, म्हणून साध्या पाण्याच्या बाटलीत उकळता चहा भरू नये. अडीचशे अंशांच्या पुढे तो वितळतो. सुती कापड जळून राख होते. पॉलिएस्टर वितळून कातडीला चिकटते व खोल भाजते. म्हणून चुलीपुढे आणि मिरवणुकीत पेटती मेणबत्ती हाती असताना पदर सांभाळावा. भाजल्यास वीस मिनिटे साधे वाहते पाणी सोडावे, चिकटलेले कापड ओढून काढू नये आणि दवाखाना गाठावा.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. बाटली हलकी, न फुटणारी व झाकणाची असल्यामुळे उरलेले औषध तिच्यात ओतून ठेवण्याचा मोह होतो. हे कधीही करू नये. तहानलेले मूल ती पाण्याचीच समजते. पॅराक्वाटसारख्या तणनाशकावर उतारा नाही. त्याचा एक घोटही प्राण घेऊ शकतो. औषध मूळ डब्यातच, चिठ्ठीसह, कुलपात ठेवावे. डबा रिकामा झाला की तीन वेळा विसळून ते पाणी फवारणीच्या टाकीत ओतावे आणि डब्याला भोके पाडावीत. कोणी विष प्यायल्यास ओकारी काढायला लावू नये. डबा बरोबर घेऊन तडक इस्पितळात जावे.

पाण्याच्या रिकाम्या बाटल्या चुलीत जाळू नयेत. धूर अपायकारक असतो. त्या भंगारवाल्याला द्याव्यात. धुऊन, तुकडे करून, वितळवून त्यांचा पुन्हा धागा होतो आणि तोच उशीत भरून आपल्या घरी परत येतो.