औषधाची इवली पिशवी

मुलांनो, ताप आला की आपण गोळी घेतो. ती पोटात विरघळते आणि औषध रक्तातून साऱ्या शरीरात पसरते. दुखणे एका ठिकाणी असते. औषध मात्र सगळीकडे जाते. ते तीव्र असेल, तर निरोगी अवयवांनाही त्रास देते.

बिहारमध्ये पूर्वी काळा आजार या रोगाने फार लोक मरत. वालुमाशी चावली की या रोगाचे जंतू शरीरात शिरतात. रोग्याला अनेक दिवस ताप येतो. त्याची पाणथरी सुजते. अॅम्फोटेरिसिन-बी हे औषध या जंतूंना मारते. पण मूत्रपिंडांना इजा करते. म्हणून ते एक दिवसाआड, थोडे थोडे शिरेतून द्यावे लागे. रोग्याला महिनाभर रुग्णालयात राहावे लागे. रोजंदारीवर जगणाऱ्या घराने तोवर काय खावे?

यावर उपाय सापडला तो चरबीत! अंड्याच्या बलकात एक स्निग्ध पदार्थ असतो. त्याच्या कणाचे एक टोक पाण्याकडे वळते, तर दुसरे पाण्यापासून दूर पळते. म्हणून पाण्यात हे कण एकमेकांना बिलगतात आणि त्यांच्या गोल, पोकळ पिशव्या बनतात. १९६४ साली इंग्लंडमधील शास्त्रज्ञ अॅलेक बँगहॅम आणि हॉर्न यांनी या पिशव्यांची चित्रे प्रसिद्ध केली. पुढे त्यांत औषधे भरण्यात आली. अशा सुमारे हजार पिशव्या ओळीने मांडल्या, तर ती ओळ आपल्या केसाच्या जाडीएवढी भरेल!

आता गंमत पाहा. आपल्या शरीरातील काही पेशी परके कण गिळून टाकतात. काळ्या आजाराचे जंतू नेमके याच पेशींत लपतात. औषधाच्या पिशव्याही याच पेशी गिळतात. शत्रू ज्या घरात दडला, त्याच घरात औषध पोचते! मूत्रपिंडांना त्रास कमी होतो. त्यामुळे जास्त औषध एकाच वेळी देता येते.

बिहारमध्ये ३०४ रोग्यांना असे औषध एकदाच देण्यात आले. सहा महिन्यांनी पाहिले, तर शंभरातले सुमारे शहाण्णव रोगी बरे झाले होते. हे निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले. औषध जुनेच होते. ते योग्य जागी पोचवले, म्हणून महिन्याचा उपचार एका दिवसावर आला.

शब्दार्थ
पाणथरी – पोटात डाव्या बाजूला असलेला एक अवयव
स्निग्ध – तेलकट
बलक – अंड्यातील पिवळा भाग
बिलगणे – चिकटून राहणे

स्वाध्याय
१. काळ्या आजाराचे जंतू शरीरात कसे शिरतात?
२. औषध थोडे थोडे का द्यावे लागे?
३. कारण लिहा : पिशवीतील औषध जंतूंपर्यंत नेमके पोचते.
४. वाक्यात उपयोग करा : इजा करणे, गिळून टाकणे.