भीतीची नोंद आणि उलट नोंद

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास, गणेश विसर्जनानंतर अवघ्या काही तासांत, लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांना भूकंपाचा जबर हादरा बसला. किल्लारी, सास्तूर आणि परिसरातील गावांत दगडमातीच्या रुंद भिंती व माळवदे झोपलेल्या माणसांवर कोसळली. साडेसात हजारांहून अधिक जीव गेले. वाचलेल्यांपैकी अनेकांना पुढे दगडी भिंतीच्या घरात झोपणेच नकोसे झाले. त्यांना पत्र्याचा आडोसा अधिक सुरक्षित वाटू लागला. जमीन स्थिरावली होती, परंतु मन स्थिरावले नव्हते. हे असे का घडते, याचे बरेचसे उत्तर गेल्या काही दशकांत मेंदूविज्ञानाने दिले आहे. ते आपल्या रुग्णालयाशी संबंधित प्रत्येकाने समजून घ्यावे, एवढाच या लेखाचा हेतू होय.

मेंदूत दोन्ही बाजूंस बदामाच्या आकाराचा एकेक भाग असतो. त्यास अमिग्डाला म्हणतात. धोक्याची सूचना मिळताच छातीची धडधड वाढविणे, स्नायू ताठ करणे, घाम फोडणे ही कामे त्याच्या इशाऱ्याने होतात. अमेरिकन शास्त्रज्ञ जोसेफ लेडू यांनी उंदरांवरील प्रयोगांतून दाखविले की, आवाजाची वार्ता अमिग्डालापर्यंत दोन वाटांनी पोहोचते. एक वाट विचार करणाऱ्या बाह्यपटलातून जाते. दुसरी आखूड वाट त्याला वगळून थेट जाते. म्हणूनच मालवाहू मोटारीच्या धक्क्याने तावदान थरथरले, तरी माणूस आधी दचकून उठतो आणि कारण त्यास मागाहून कळते. ‘घाबरू नकोस’ या उपदेशाचा अशा वेळी फारसा उपयोग होत नाही, त्याचे कारणही हेच.

या संदर्भात बेंगळुरू येथील राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात सुमंत्र चट्टर्जी व सहकाऱ्यांनी केलेले कार्य विशेष महत्त्वाचे आहे. दीर्घकाळ ताणाखाली ठेवलेल्या उंदरांत स्मृतीशी संबंधित हिप्पोकॅम्पसमधील मज्जापेशींच्या शाखा आखडतात, तर अमिग्डालातील शाखा उलट फोफावतात, असे त्यांना २००२ मध्ये आढळले. २००४ मधील अभ्यासात एकवीस दिवसांच्या विश्रांतीनंतरही अमिग्डालातील ही वाढ ओसरली नव्हती. २००५ मध्ये तर असे दिसले की, ताणाचा एकच प्रसंग घडल्यास दुसऱ्या दिवशी फरक जाणवत नाही, पण दहा दिवसांनी अमिग्डालात नव्या जोडण्या उगवलेल्या असतात. प्रयोग उंदरांवरचे आहेत. माणसाच्या दुःखात आप्तांचा वियोग, दारिद्र्य, कर्ज अशा कितीतरी गोष्टी मिसळलेल्या असतात. तथापि आपत्तीनंतर पहिल्या दिवशी शांत दिसणारा मनुष्य सुखरूपच आहे असे गृहीत धरू नये, हा बोध त्यातून निश्चितपणे घेता येतो.

मग भीती जाते कशी? मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी असल्याने मला येथे जमाखर्चाचा दाखला सुचतो. चुकीची नोंद आपण खोडत नाही. ती तशीच ठेवून तिच्याविरुद्ध उलट नोंद करतो. मेंदूही काहीसा तसाच वागतो. २००२ मध्ये मिलाद व क्वर्क या संशोधकांनी दाखविले की, भीती ओसरते तेव्हा कपाळामागील भागातील मज्जापेशी ‘आता धोका नाही’ हा नवा धडा स्मरतात आणि भीतीला आवर घालतात. जुनी नोंद मात्र शिल्लक राहते. म्हणून २१ मार्च आणि १० जुलै २०२४ रोजी हिंगोली परिसरातील भूकंपाचे धक्के नांदेड-परभणीपर्यंत जाणवले, तेव्हा ज्यांनी १९९३ अनुभवले आहे, अशा एखाद्याची झोप पुन्हा उडाली असल्यास त्यात नवल नाही आणि दुबळेपणाही नाही.

उलट नोंद एका दिवसात होत नाही. सुरक्षित अनुभव पुनःपुन्हा, हळूहळू आणि विश्वासू माणसाच्या सोबतीने यावा लागतो. प्रसंग सांगण्याची रुग्णावर सक्ती नसावी. तो सांगू लागल्यास मात्र ऐकणारे कोणी असावे. धडधड, निद्रानाश, दचकणे, विशिष्ट जागा टाळणे या तक्रारी महिन्याहून अधिक टिकल्यास मनोविकारतज्ज्ञांचा सल्ला अवश्य घ्यावा. शासनाची ‘टेलि-मानस’ ही १४४१६ क्रमांकाची विनामूल्य दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून उपलब्ध आहे.

आपल्या बाह्यरुग्ण विभागात असा रुग्ण बहुधा छातीत धडधडते, डोके दुखते, अशीच तक्रार घेऊन येतो. तपासण्या निर्दोष आल्या म्हणजे ‘काही झालेले नाही’ असे सांगून त्यास परत पाठविणे योग्य नव्हे. झोप कशी लागते, घरात काही घडले का, एवढे दोन प्रश्न विचारण्यास यंत्रसामग्री लागत नाही. त्यासाठी एक शांत खोली, एक प्रशिक्षित समुपदेशक आणि थोडा वेळ लागतो. वार्षिक हिशेबात या खर्चासमोर उत्पन्नाचा आकडा दिसणार नाही. तरीही सन्माननीय विश्वस्त व देणगीदारांनी आगामी वर्षाच्या अंदाजपत्रकात त्यासाठी तरतूद करावी, अशी नम्र विनंती आहे.