माळावरची मोजणी



सोलापुराहून बार्शीच्या रस्त्याला लागले, की वाटेत नान्नज गाव येते. गावापलीकडे लांबच लांब माळ आहे. झाड विरळ, पाणी त्याहून विरळ. बाकी सगळे गवत. आपण असल्या जमिनीला पडीक म्हणून मोकळे होतो. सरकारने १९७९ साली माळढोक पक्ष्यासाठी जे अभयारण्य केले, त्यात हा माळ येतो. माळढोक आता नावालाच उरला आहे. पण दर हिवाळ्यात इथे दुसरे पाहुणे उतरतात, आणि त्यांची आपल्याला खबरही नसते.

हे पाहुणे म्हणजे भोवत्या पक्षी. गावाकडे आपण वाकड्या चोचीच्या प्रत्येक पाखराला घार म्हणतो, आणि घार म्हटली की हात दगडाकडे जातो. पण घार आणि भोवत्या यांत फरक आहे. घार उंच घिरट्या घालते. भोवत्या गवताच्या अगदी वरून, पंख थोडे उचलून, डुलत डुलत जातो. पंख पसरले तर मीटरभर भरतात, पण वजन पुरते अर्धा किलोही नाही. नर राखी-पांढरा, पंखांची टोके काळी. मादी तपकिरी, तिच्या शेपटीच्या मुळाशी पांढरा पट्टा. तोंड घुबडासारखे चपटे असते. त्यामुळे गवतातली बारीक खुसफुससुद्धा त्याला ऐकू येते.

तो खातो काय? नाकतोडे, टोळ, उंदीर, सरडे, बारीक पाखरे. जे पचत नाही त्याची गोळी करून तो तोंडावाटे टाकतो. जाणत्या लोकांनी अशा गोळ्या फोडून पाहिल्या आहेत. आत नाकतोड्यांचे पाय आणि पंख खच्चून भरलेले असतात. म्हणजे ज्याला आपण दगड मारतो, तो आपल्याच शिवारातली कीड वेचीत असतो.

दिवसभर हे पक्षी एकएकटे हिंडतात. संध्याकाळी मात्र सगळे एका ठिकाणी जमतात आणि झाडावर न बसता गवतात, जमिनीवरच रात्र काढतात. गुजरातेत वेळावदर म्हणून गवताळ रान आहे. तिथे एका ठिकाणी हजारावर भोवत्या मुक्कामाला आलेले मोजले गेले आहेत. आपल्याकडे तेवढे नाहीत. पण जे आहेत ते मोजता येतात.

फाल्गुन लागला की त्यांची परतीची तयारी सुरू होते. इथे ऊन वाढते, गवत सुकते, नाकतोडे कमी होतात. तिकडे उत्तरेला कझाकस्तानच्या मोकळ्या रानात बर्फ वितळून गवत वर येऊ लागते. तिथे जमिनीवरच घरटे करून ते पिल्ले वाढवतात. सोलापुरापासून सरळ रेघ मारली तरी हे अंतर साडेतीन हजार किलोमीटरच्या आसपास भरते. आणि ते सरळ जातच नाहीत. हिमालय पश्चिमेकडे टाळून पाकिस्तान, अफगाणिस्तान यांवरून जातात.

आमच्या साक्षरता वर्गातल्या मंडळींना घेऊन आम्ही एका फाल्गुनात या माळाच्या कडेच्या उंचवट्यावर गेलो. अंक नुकतेच शिकून झाले होते. म्हटले, पाटीवरचे अंक जरा माळावर न्यावेत. सूर्य मावळायच्या तासभर आधी जाऊन बसलो. प्रत्येकाजवळ वही. चार उभ्या रेघा, पाचवी आडवी, की झाले पाच.

पहिल्या संध्याकाळी आमची चांगलीच फजिती झाली. एकाची बेरीज दुसऱ्याच्या दुप्पट! पक्षी गोल फिरत, खाली बसत, पुन्हा उठत, आणि आम्ही प्रत्येक वेळी रेघ ओढत होतो. शिवाय एकच पक्षी चौघांनी मोजलेला. चाळीस वर्षे गणित शिकवलेला मनुष्य, पण आमचीही वही तशीच निघाली. वर धोतरभर कुसळे.

शेजारी एक धनगरबाबा मेंढरे घेऊन परतत होते. थोडा वेळ पाहून ते हसले.

"गुर्जी, तुमी फिरनारी पाखरं मोजताय. आमी मेंढरं वाघरीत शिरताना मोजतो. आत गेलं ते धरायचं. भायेर आलं की एक कमी करायचं."

आम्ही गप्पच झालो. धनगरबाबांना सही येत नव्हती, पण त्या दिवसाचा धडा त्यांनी दिला.

दुसऱ्या दिवशी आभाळ वाटून घेतले. दोघे पूर्वेकडे, दोघे पश्चिमेकडे, असे. आपल्या वाट्याच्या बाजूने गवतात उतरला तेवढाच पक्षी धरायचा. उठून गेला तर दुसऱ्या रकान्यात रेघ. समजा ३७ उतरले आणि ५ उठून गेले, तर मुक्कामाला राहिले ३२. ताळा पाहायचा तर पहाटे उजाडण्याआधी पुन्हा येऊन उडून जाणारे मोजावेत. गवतात मात्र शिरू नये, बॅटरी मारू नये, कुत्रे नेऊ नये. अभयारण्याच्या आत जायचे तर वनखात्याची परवानगी लागते. आम्ही कडेलाच होतो.

परतताना वर्गातल्या एका मावशींनी विचारले, "गुरुजी, हे मोजून मिळतं काय? पोटाला तर काही नाही."

प्रश्न रास्त होता. आम्ही त्यांना अमेरिकेतली एक हकिगत सांगितली. तिथे पेनसिल्व्हेनियात हॉक माउंटन नावाचा डोंगर आहे. शरद ऋतूत त्यावरून शिकारी पक्षी दक्षिणेकडे जातात, आणि लोक तिथे उभे राहून गोळ्या घालून त्यांचा सडा पाडीत. १९३४ साली रोझाली एज या बाईंनी तो डोंगर भाड्याने घेतला, शिकार बंद पाडली आणि एक राखणदार नेमला. राखणदार रोज पक्षी मोजून लिहून ठेवी. म्हातारे किती, कोवळे किती, हेही लिही. पुढे रेचेल कार्सन या विदुषींनी १९६२ च्या आपल्या पुस्तकात हे आकडे घेतले. सुरुवातीच्या वर्षांत दर शंभर गरुडांत चाळीस कोवळे दिसत. वीस वर्षांनी वीसच दिसू लागले. पिल्लेच होत नव्हती! शेतांवर मारलेले डीडीटी खाण्यातून गरुडांच्या पोटात जात होते आणि अंड्यांची कवचे पातळ होत होती, असे पुढे कळले. १९७२ साली अमेरिकेने शेतीसाठी डीडीटी बंद केले.

मावशी बराच वेळ चालत राहिल्या. मग म्हणाल्या, "आमच्या तुरीवर पण फवारतात की."

भोवत्यांचे मोठे मुक्काम दख्खनभर ओसरत चालले आहेत. माळ नांगरला जातो, नवे गवत लवकर यावे म्हणून जुने पेटवले जाते, आणि फवारलेल्या पिकातले नाकतोडे मरतात. यातले आपल्या शिवारात किती घडते, हे सांगायला निदान दहा वर्षांच्या वह्या लागतील. आमची अजून एकच आहे.

पाडव्यापर्यंत रोजचा आकडा घसरत गेला. नंतर एका संध्याकाळी आम्ही अंधार पडेपर्यंत बसलो. टिटवी ओरडत गेली, लांबवर काळविटांचा कळप दिसला. भोवत्या एकही आला नाही. वही धरून बसलेला तरुण म्हणाला, "आज पान कोरंच ठेवू ना गुरुजी?"

आम्ही म्हटले, "नाही. तारीख घाल आणि पुढे शून्य लिही. पान कोरे राहिले, तर पुढच्या वर्षी वाचणाऱ्याला वाटेल आपण आलोच नव्हतो."

त्याने तारीख घातली आणि शून्य काढले. चांगले मोठे, वाटोळे.